नदीकाठचा कॅम्प बुक करण्याआधी : ऑफ-रोड वीकेंड काढणाऱ्या दुकानदारांसाठी

टायरचं दुकान, कार अॅक्सेसरीज, फोर बाय फोरचं गॅरेज, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, यातलं काहीही तुम्ही करत असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेलच. थार, जिम्नी, गुरखा घेतलेला कस्टमर काउंटरवर येतो, बंपर लावून घेतो, टायर मोठे करून घेतो आणि मग विचारतो, "आता ही न्यायची कुठे?" बहुतेकांची गाडी सोसायटीच्या स्पीडब्रेकरपलीकडे काही चढलेली नसते. त्याला रस्ता दाखवणारा माणूस त्याला हवा असतो, आणि तो माणूस तुम्ही झालात तर पुढची पाच वर्षं तो टायर दुसरीकडून घेत नाही.

म्हणून मी दुकानदारांना वर्षातून दोन तरी वीकेंड ड्राइव्ह काढा असं सांगतो. आठ-दहा गाड्या, शनिवारी सकाळी निघायचं, मातीच्या वाटेवर दिवस घालवायचा, रात्री नदीकाठी मुक्काम, रविवारी परत. व्हिडिओत मी मार्केटिंगचा भाग सांगितला होता. आज फक्त एका निर्णयावर बोलू, तो म्हणजे मुक्कामाची जागा. बाकी सगळं चुकलं तर ट्रिप कंटाळवाणी होते. ही एक गोष्ट चुकली तर माणसं जाऊ शकतात. हे मी घाबरवायला लिहीत नाही, खाली कारण येईलच.

बहुतेक जण जागा कशी निवडतात? इन्स्टावर फोटो बघतात. तंबूच्या दारातून पाणी दिसतंय, बाजूला शेकोटी, मागे गाडी. मग रेट विचारतात, जेवण व्हेज-नॉनव्हेज विचारतात आणि अॅडव्हान्स टाकतात. आपण दुकानात माल भरताना असं करतो का? सप्लायरने पाठवलेला फोटो बघून कोणी पन्नास टायर उचलत नाही. बॅच बघतो, तारीख बघतो, माल परत घेणार का विचारतो. इथेही तेच करायचं आहे. फरक एवढाच की इथे माल म्हणजे नदी, आणि नदीची तारीख कुठे छापलेली नसते.

दुपारची नदी आणि सकाळची नदी

एक खरं उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातलं कोलाड तुम्हाला माहीत आहे, मुंबई-गोवा हायवेवरचं. तिथली कुंडलिका नदी राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून, मुंबईहून हायवेने, दोन्हीकडून तीन-चार तासांत पोचता येतं. काठाने भरपूर कॅम्प आहेत. ऑफ-रोड ग्रुपचं हे आवडतं ठिकाण, आणि ते बरोबरच आहे.

पण ही नदी कशी चालते बघा. मुळशी धरण आहे मुळा नदीवर. ते पाणी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे जाणारं. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ते बोगद्यातून आणि पाइपातून घाटाखाली भिऱ्याला आणलं, वीज तयार केली आणि वापरून झालेलं पाणी पश्चिमेला कुंडलिकेत सोडलं. (याच धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, तो वेगळा विषय.) म्हणून बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. रवाळज्याच्या बाजूने सकाळी पाणी सुटतं, त्यावर तराफे निघतात आणि पाण्याचा जोर ओसरला की नदी पुन्हा शांत होते.

आता तुमचा ग्रुप कधी पोचतो? दिवसभर गाड्या चालवून शनिवारी संध्याकाळी. म्हणजे नदी खाली गेलेली असते तेव्हा. पात्रात सपाट गोटे उघडे पडलेले दिसतात, मध्ये एखादं वाळूचं बेट. गाड्या थेट पाण्यापर्यंत जातात. कोणीतरी म्हणतं, "अरे, इथेच लावू ना तंबू, काय व्ह्यू आहे!" त्या जागेवर सकाळी पाणी असतं. त्यात पावसाचा काही संबंध नाही, आकाश निरभ्र असतानाही असतं. ती जागा नदीचीच आहे, ती फक्त थोड्या वेळासाठी रिकामी होती.

कोलाडचे जुने कॅम्पवाले हे जाणतात आणि तंबू वर लावतात. अडचण येते ती नवख्या ग्रुपची आणि कालपरवा सुरू झालेल्या कॅम्पची.

हिमाचलमध्ये याचं सगळ्यात वाईट रूप दिसलं. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं बियास नदीच्या पात्रात उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक टूरचा माणूस वाहून गेला. २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला, आणि जबाबदारीचा काही वाटा मुलांना सहलीला नेणाऱ्या कॉलेजवरही टाकला. हे वाक्य पुन्हा वाचा. धरण कॉलेजचं नव्हतं, पाणी कॉलेजने सोडलं नव्हतं. तरीही नेणाऱ्याची जबाबदारी धरली गेली. तुम्ही ड्राइव्ह काढता, पैसे घेता, बॅनरवर दुकानाचं नाव लावता, म्हणजे नेणारे तुम्ही आहात.

पहिला प्रश्न : पाणी येतं कुठून?

कॅम्प कोणत्या गावात आहे हे विचारण्याआधी मोबाइलवर नकाशा उघडा आणि नदीवर बोट ठेवून उलट्या दिशेने, उगमाकडे जा. वाटेत धरण लागतं का? बंधारा? वीजगृह? लागलं तर ते कोणाचं आहे, जलसंपदा विभागाचं की वीज कंपनीचं, पाणी कधी सोडतात आणि सोडताना भोंगा वाजतो का, हे स्थानिक माणसाकडून काढा. भोंगा वाजतो म्हणाले तर तो कॅम्पवर ऐकू येतो का हे वेगळं विचारा. रात्री स्पीकर चालू असताना ऐकू येतो का, हे त्याहून वेगळं.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये आपण ऐकतो, "धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग". कानावरून जातं, डोळ्यांपुढे काही येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे हजार क्युसेक हा सेकंदाला २८ हजार लिटरचा हिशेब झाला. आपल्याकडे सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला. आता पुढच्या वेळी "वीस हजार क्युसेक" ऐकलंत की आकडा अंगावर येईल.

धरण नसेल तर नदी सुरक्षित, असं समजू नका. मग तिचा मालक पाऊस आहे, आणि तो तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. कोलाडला ऊन असू शकतं आणि घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखं चालू असू शकतं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. हवामान खातं २४ तासांत साडेचौसष्ट मिलीमीटरच्या वर गेलं की 'मुसळधार' म्हणतं आणि २०४ च्या वर गेलं की 'अतिमुसळधार'च्याही पुढच्या पायरीला नेतं. तुम्हीच अंदाज करा. त्यामुळे हवामानाचा अंदाज बघताना कॅम्पच्या गावाचा बघून थांबू नका, नदी जिथून येते त्या घाटाचा आणि त्या तालुक्याचाही बघा. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

छोटे ओढे तर मोठ्या नदीपेक्षा दगाबाज. नदी चढायला तास-दोन तास घेते, ओढा दहा-पंधरा मिनिटांत चढतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. ते पाण्यात उतरले तेव्हा तिथे उभं राहता येत होतं.

जागेवर गेल्यावर काय बघायचं

रेकी केल्याशिवाय ग्रुप नेऊ नका. डिझेल जाईल, एक दिवस जाईल, जाऊ दे. तो खर्च कॉस्टिंगमध्ये धरा, खिशातून घालू नका. आणि धरणाखालची नदी असेल तर संध्याकाळी पोचून रात्र तिथेच काढा. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोका किंवा ओळखीचा दगड ठेवा, सकाळी उठून बघा तो कुठे आहे. यापेक्षा स्वस्त यंत्र नाही.

मग वर बघा. काठावरच्या झुडपांत, करंजाच्या फांद्यांत गवताचे पुंजके, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फाटकं जाळं अडकलेलं दिसतं का? ते कोणी टाकलेलं नसतं, मागच्या पुराने लटकवलेलं असतं. ते तुमच्या डोक्याच्या उंचीवर असेल तर पाणी तुमच्या डोक्याच्या उंचीवर होतं. तंबू त्या रेषेच्या वर लागला पाहिजे, दोन-चार फूट वर नाही, चांगला वर. पुलाच्या खांबावर चिखलाचा पट्टा असतो, तोही बघा. आणि गावातलं जुनं देऊळ नदीपासून किती उंचीवर बांधलंय ते बघा. आपल्या पूर्वजांकडे पूररेषेचा नकाशा नव्हता, पण त्यांनी देवाला पाण्यात बसवलेलं नाही. (घाटावरची महादेवाची देवळं सोडून. तो देव स्वतःहून पाण्यात बसतो.)

नकाशाचं बोलायचं तर जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र. पुण्यात प्लॉट घेताना लोक हे शब्द ऐकतात, कॅम्प बुक करताना कोणी विचारत नाही. गावाकडच्या प्रत्येक नदीला आखणी झालेली सापडेलच असं नाही, पण कॅम्पवाल्याला "निळी रेषा कुठून जाते?" असं विचारून बघा. ज्याला प्रश्न तरी कळतो, तो बरा माणूस.

वळणाची जागा असेल तर दोन्ही काठ वेगळे वागतात. आतल्या बाजूला वाळू साचते, काठ सखल असतो, गाडी सहज उतरते आणि पाणीही तिथेच आधी चढतं. बाहेरच्या बाजूला काठ उंच आणि उभा, व्ह्यू झकास, पण खालून माती खाल्लेली असते. तिथे पावणेदोन टनाची गाडी कडेला लावून फोटो काढायचा नाही. आणि बेटावर मुक्काम कधीच नाही, यात चर्चा नाही.

झाडाखाली सावली मिळते म्हणून तंबू लावताना वर वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ आहे का बघा. सह्याद्रीत उन्हाळ्यात शेकोटीचा धूर मोहोळाला लागणं हे पुराइतकंच खरं संकट आहे, आणि त्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. महाडकडे सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, सांगलीला कृष्णा, इथे मगरी आहेत. तिथे मुक्काम असेल तर पहाटे "जरा डुबकी मारून येतो" बंद.

आत जाता येतं, बाहेर येता येतं का?

आपली मंडळी इथे हमखास फसतात, कारण ऑफ-रोडवाल्याला वाईट रस्ता म्हणजे आनंद. जाताना तो आनंदच असतो.

कॅम्पपासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी किंवा सावकाश गाडीने या आणि मोजा : किती ओढे ओलांडले? किती फरशी पूल लागले? फरशी पूल म्हणजे पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला ठेंगणा पूल, पावसात तो दिसेनासाच होतो. समजा असे तीन अडथळे आहेत. नदी तुमच्या तंबूपर्यंत आली नाही तरी रात्री दोनला एक ओढा चढला की तुमचा ग्रुप बेटावरच आहे. कोणाला साप चावला, कोणाच्या छातीत दुखलं, तर दवाखाना आठ किलोमीटरवर आहे याला काही अर्थ उरत नाही. माझा नियम सरळ आहे : जून ते ऑक्टोबर कॅम्प आणि डांबर यांच्यात एकही फरशी पूल नको. इतर महिन्यांत एखादा चालेल, पण उंचावरून जाणारी दुसरी वाट हवी, मग ती पायवाट असली तरी चालेल.

"माझी थार साडेसहाशे मिलीमीटर पाण्यातून जाते, ब्रोशरमध्ये लिहिलंय." हो, लिहिलंय. पण तो आकडा म्हणजे पाणी किती खोल, एवढंच. पाणी किती जोरात वाहतंय हे त्यात नाही. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणसाचे पाय सुटू शकतात, फूटभर पाण्यात छोटी गाडी सरकते आणि दोन फूट वाहत्या पाण्यात मोठ्या एसयूव्हीसुद्धा जातात. म्हणजे ब्रोशरमधला साडेसहाशेचा आकडा, दोन फुटांच्या जरा वरचा, वाहत्या पाण्यात तुम्हाला वाचवणारा नाही. शिवाय तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्या थार नसतात. कोणीतरी टू-व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊन येतोच, आणि त्याला तुम्ही 'नाही' म्हणालेले नसता. ग्रुपची जागा ठरवायची ती सगळ्यात कमकुवत गाडीवरून आणि सगळ्यात नवख्या ड्रायव्हरवरून.

जमीन पण बघा. गोट्यांवर क्लिअरन्स लागतो, वाळूत टायरची हवा कमी करावी लागते आणि सकाळी ती पुन्हा भरायला कंप्रेसर लागतो. देशावर काळी माती असेल तर एक सर पडली की टायरला एवढी माती चिकटते की फोर बाय फोर असून गाडी जागेवर. म्हणून गाड्या उभ्या करायची जागा मुरमाची आणि तंबूंपेक्षा खालच्या बाजूला नसलेली हवी. रात्री सगळ्या गाड्या तोंड बाहेर करून लावा, एकामागे एक अडकवू नका. अंधारात, पावसात, घाबरलेल्या माणसाला आठ गाड्या रिव्हर्स काढायला लावणं म्हणजे तुम्हीच अपघात बोलावणं.

फोनवर काय विचारायचं

आपण सेल्समध्ये शिकतो ना, की हो-नाहीचा प्रश्न विचारला की समोरचा हो म्हणतो. "दादा, सेफ आहे ना?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं : "एकदम सेफ, साहेब, फॅमिली येतात." त्याचीही चूक नाही, त्याला बुकिंग हवंय. प्रश्न असा टाका की ज्याला उत्तर म्हणून काहीतरी सांगावंच लागेल.

"दादा, मागच्या जुलैत पाणी कुठपर्यंत आलं होतं?" खरा माणूस लगेच सांगतो, "किचनच्या खालच्या पायरीपर्यंत," किंवा "खालचे तंबू आम्ही जूनमध्येच काढतो." हा माणूस नदीबरोबर राहतो. जो म्हणतो "इथे पाणी येतच नाही", त्याला पुढचा प्रश्न : "जागा किती वर्षं चालवताय?" एक वर्ष म्हणाला तर त्याला खरंच माहीत नाही.

"रात्री पाणी वाढलं तर आम्हाला उठवणार कोण?" इथे नाव यायला हवं. राखणदार रात्री तिथे झोपतो की जेवण वाढून गावात जातो? "वर हलायचं झालं तर कुठे जायचं?" शाळा, देऊळ, त्याचं घर, काहीतरी जागा त्याने दाखवली पाहिजे. आणि शेवटचा, माझा आवडता : "तुमची स्वतःची मुलं पावसाळ्यात या तंबूत झोपतात का?" यावर फोनवर जी शांतता पसरते, तिच्यातच उत्तर असतं.

त्याच्याशिवाय गावातल्या दुसऱ्या कोणालातरी विचाराच. चहाच्या टपरीवरच्या मावशी, म्हशी सोडणारे आजोबा. त्यांना तुमच्या बुकिंगमध्ये कमिशन नाही.

हिशेब

आता दुकानदाराची भाषा. समजा वीस माणसं, माणशी तीन हजार घेताय, म्हणजे साठ हजार जमा. दोन कॅम्प आहेत. पहिला पाण्याला लागून, माणशी चौदाशे. दुसरा तीनशे मीटर आत, चढावर, माणशी साडेसतराशे. रेकी, वाटाड्या, रिकव्हरीचं सामान, प्रथमोपचार, बॅनर, फुटकळ मिळून चौदा हजार. पहिल्या कॅम्पमध्ये खर्च बेचाळीस, हातात अठरा. दुसऱ्यात खर्च एकोणपन्नास, हातात अकरा. सात हजारांचा फरक, आणि नव्वद टक्के लोक इथे पहिला कॅम्प घेतात. एक्सेल शीटवर तोच बरोबर दिसतो.

पण तुमची कमाई या वीकेंडचे अठरा हजार आहे का? वीस माणसांतले आठ गाडीमालक आहेत. त्यांचे पुढचे टायर, विंच, सस्पेन्शन, सर्व्हिस, त्यांनी आणलेले मित्र, ही कमाई आहे. एका गाडीत पाणी शिरलं, इंजिन गेलं, तर तो मालक पुन्हा येत नाही आणि इतर सातही येत नाहीत. सात हजार हा तुमचा विमा आहे, आणि प्रीमियम स्वस्त आहे. तेही जड वाटत असेल तर फी तीनशे पन्नासने वाढवा. "आपला मुक्काम पूररेषेच्या वर आहे" हे माहितीपत्रकात ठळक लिहा. कुटुंबासकट येणारा कस्टमर त्यासाठी साडेतीनशे रुपये आनंदाने देतो, मी तर म्हणेन तेच वाचून येतो.

दुसरी गोष्ट अॅडव्हान्सची. निम्मे आधी मागतात, म्हणजे साडेसतरा हजार अडकले. शुक्रवारी रेड अलर्ट आला आणि पैसे परत मिळणार नसतील तर माणूस काय करतो? जातो. पैसे अडकले की डोळे मिटतात. म्हणून अलर्टची अट अॅडव्हान्सच्या आधी ठरवा. रद्द करायला तुमचं मन धजावलं पाहिजे आणि त्यासाठी रद्द करणं स्वस्त पाहिजे.

कागद

थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, साहसी खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कॅम्पवाल्याकडे राफ्टिंग वगैरे असेल तर नोंदणी बघायला मागा. जागा वनजमिनीला लागून असेल तर वनखात्याची परवानगी. ताम्हिणी आणि सुधागड ही अभयारण्यं आहेत, तिथे आत गाडी घालून मुक्काम हा विषयच नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि धरण परिसरासाठी मनाई आदेश काढतात, निघण्याआधी तो बघा. नदीच्या पात्रात गाडी उडवत रील काढू नका. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला चंद्रा नदीतून थार नेणाऱ्याला पोलिसांनी साडेतीन हजारांचं चलन फाडलं होतं, आणि व्हिडिओच पुरावा झाला.

इन्शुरन्सचं दोन ओळींत : पाण्यामुळे इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत बहुधा भरपाई मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन लागतं. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या स्वतःच्या गाडीत सीटचे पैसे घेऊन माणसं नेऊ नका. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याचा वापर मान्य करत नाही. फी कार्यक्रमाची घ्या, प्रत्येकाने आपापली गाडी आणावी.

कॅम्पवाल्याशी बोलणं झालं की अॅडव्हान्स टाकण्याआधी हा मेसेज व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारखा आणि आकडे तुमचे घाला, भाषा अशीच साधी ठेवा :

"दादा, आपलं बोलणं झाल्याप्रमाणे : दिनांक अमुक, माणसं वीस, गाड्या आठ. तंबू वरच्या सपाटीवर, नदीकडच्या खालच्या जागेवर एकही नाही. रात्रभर तुमचा एक माणूस कॅम्पवर जागा राहील, त्याचं नाव आणि नंबर कळवा. धरणातून पाणी सोडणार असल्याचं कळलं तर लगेच आम्हाला फोन. तुमच्या किंवा वरच्या घाटाच्या भागात ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर तारीख बदलून द्याल किंवा अॅडव्हान्स परत. हे मान्य असेल तर 'मान्य' लिहून पाठवा, मी लगेच पैसे टाकतो."

'मान्य' आलं की पैसे टाका. "येऊन तर बघा साहेब, सगळं होईल" असं आलं तर दुसरा कॅम्प शोधायला घ्या.